पहिलं उत्तर तेच उत्तर

पाहणीच्या कामाचा पहिला नियम प्रशिक्षणात आमच्या डोक्यावर इतका आदळला होता, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवला असता. माणसानं दिलेलं पहिलं उत्तर तेच उत्तर. 'खरंच का?' असं विचारायचं नाही. भुवई उडवायची नाही. 'अहो, असं काय बोलता' म्हणायचं नाही. तोंडातून निघालं की रकान्यात टाकायचं आणि पुढचं कार्ड काढायचं. मी मुळात तोंडाळ माणूस. गप्प बसायचा पगार मिळतो ही गोष्टच मला नवीन होती.

काम असं होतं. आरोग्य खात्याकडे सगळ्यांना पुरेल इतकं कधीच नव्हतं. मग कुणाला काय मिळायचं? ज्याची ओळख त्याला. माझ्या बहिणीचे यजमान गेले ते इस्पितळातल्या एका खाटेची वाट बघत. ती खाट कुणा बड्या माणसाच्या सासऱ्याला मिळाली होती, आणि त्या सासऱ्याला झालं काय होतं, तर बद्धकोष्ठ. म्हणून जेव्हा खात्यानं ठरवलं, की आता थेट लोकांनाच विचारू, चाळीस उपचारांचा क्रम लोकांच्या पसंतीनं लावू आणि पैसा पुरेल तिथं रेघ मारू, तेव्हा मला ते मनापासून पटलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, स्वतःवर आल्यावर याला अक्कल आली. तसंच झालं, पण पटलं होतं हेही खरं.

माझ्या पिशवीत एक फळी असायची. तिच्यावर शून्यापासून शंभरापर्यंत पट्टी. शून्य म्हणजे मरण, शंभर म्हणजे ठणठणीत. आणि चोवीस कार्डं. एकेका कार्डावर एकेक माणूस, नाव नसलेला. मी वाचायचो आणि लोक बोट ठेवायचे. सतरा नंबरचं कार्ड मला अजून पाठ आहे. 'या व्यक्तीचं वय साठच्या पुढे आहे. श्वास घ्यायला तिला घरी चोवीस तास यंत्र लागतं. जिने चढता येत नाहीत. अंघोळीला मदत लागते. घराबाहेर पडणं अवघड आहे.'

हे वाचलं की धडधाकट माणसं अंगावर पाल पडल्यासारखी झटकायची. 'छे, त्यापेक्षा मेलेलं बरं!' बोट सरळ दहावर. एक व्यायामशाळा चालवणारा गडी तर म्हणाला, 'शून्याच्या खाली जागा नाही का हो?' मी दहा लिहायचो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. पण आम्ही विचारत होतो ज्यांचं काहीच जळत नव्हतं त्यांना. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटायचं, लोक स्पष्ट बोलतायत, चांगलं आहे.

म्हाताऱ्यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या घरी मी पोचायचो तेव्हा अख्खं घर गोळा व्हायचं. मग दुसरा प्रश्न, जोडीचा: औषध एकालाच पुरेल, हा तिशीचा, ही सत्तरीची, कुणाला द्यावं? म्हातारी माणसं उत्तर मला द्यायची नाहीत. एक आजोबा आठवतात, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून बसलेले. ते म्हणाले, 'त्या पोराला द्या. आम्हा म्हाताऱ्यांना काय करायचंय आता?' आणि म्हणता म्हणता सुनेकडे बघितलं. ती म्हणेल, 'बाबा, असं काय बोलता?' एवढ्यासाठीच ते वाक्य होतं. जेवायला बसलेला पाहुणा 'पुरे, पुरे' म्हणतो आणि हात मात्र ताटावरून काढून घेतो, तसं. सून फोनमध्ये बघत होती. आजोबा थोडे थांबले, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला नियम होता. मी 'तरुण' या रकान्यात खूण केली आणि पुढचं कार्ड काढलं.

अशा खुणा मी किती केल्या, देव जाणे.

माझ्या वाट्याला चारशे बारा घरं होती. चारशे अकरा झाली आणि शेवटच्या दिवशी गाडी अडली. साठीच्या पुढची, नोकरी केलेली, निरोगी, अशी एक बाई कमी पडत होती. ज्या घरी जायचं होतं तिथं कुलूप. दुपारभर दोनदा जाऊन आलो. संध्याकाळी पाचला गठ्ठा कार्यालयात द्यायचा होता. पाय दुखत होते, आणि घर वाटेवरच होतं.

घरात माझी थोरली बहीण होती. ताई. आई गेली तेव्हा ती चौदाची आणि मी चार वर्षांचा. तिनं मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं, आणि स्वतः सूतगिरणीत लागली. कापूस पिंजायच्या खात्यात सव्वीस वर्षं. यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, म्हणजे मीच तिच्याकडे राहायला गेलो असं म्हटलं पाहिजे, कारण पंधरवड्यात घर तिचं झालं होतं. माझं लग्न झालं नाही. 'तुझ्या तोंडाला कोण बायको टिकणार?' असं ती म्हणायची आणि माझ्या कॉलरी उलट्या करून शिवायची.

स्वतःच्या घरी पाहणी करायची नाही, हा दुसरा नियम. तो मी त्या दिवशी मोडला. पंधरा मिनिटांचं काम, म्हटलं, कुणाला कळतंय? ताई खिडकीशी बसून शर्टाला गुंड्या लावत होती. मी समोर फळी ठेवली.

'काही आजार?'

'मला कसला आजार? जरा खोकला येतो, तो काय सगळ्यांनाच येतो.'

निरोगी, मी लिहिलं.

सतरा नंबरचं कार्ड वाचलं. तिनं दोरा दातानं तोडला. 'अगं बाई, बिचारी. दुसऱ्यांना किती करावं लागत असेल तिचं.' बोट ठेवलं पंधरावर. मग जोडीचा प्रश्न.

'अरे, त्या पोराला दे की. म्हातारीला काय करायचंय?'

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी तिचा भाऊ. त्याक्षणी मी काय म्हणायला हवं होतं ते जगातल्या कुठल्याही भावाला कळलं असतं. मी खूण केली. पाचला दहा कमी असताना गठ्ठा दिला आणि साहेबांनी 'वा, सगळ्यांच्या आधी' म्हणून पाठ थोपटली.

सात महिन्यांनी ताईचा खोकला खोकला उरला नाही. एके दिवशी न्हाणीतून बाहेर येता येता ती दाराला धरून खाली बसली. ओठ निळे. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. फुफ्फुसात सव्वीस वर्षांचा कापूस. आठवड्यानं घरी यंत्र आलं, खात्याकडून. छोट्या कपाटाएवढं, चाकांवरचं, दिवसरात्र घुरघुरणारं. त्याची नळी बारा मीटर. त्या बारा मीटरांत ताईचं राज्य सुरू झालं.

खोटं सांगत नाही, ती मजेत होती. मला आधी वाटलं, माझ्यासाठी हसते. पण नाही. पहाटे उठून रेडिओ लावायची, तोही यंत्राच्या आवाजावर मात करेल इतका मोठा. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची आणि अडलं की मी कामावर असताना फोन करून विचारायची. समोरच्या बिऱ्हाडातल्या मांजरीशी तिचं वैर होतं. ती मांजर नळीशी खेळायला यायची आणि ताई तिला अस्सल गिरणीतल्या शिव्या द्यायची. शेजारच्या मुलींना शिवण शिकवायची. मी अंघोळ घालताना म्हणायची, 'लहानपणी मी तुला घासायचे, आता फेड. आणि कानामागे नीट घास, कामचुकार!' जिना मात्र सुटला होता. खालचं फाटक तिनं वर्षभरात दोनदाच बघितलं, तेही रुग्णवाहिकेतून.

दहावर बोट ठेवणाऱ्या त्या सगळ्यांना एकदा घरी आणून बसवावं, असं वाटायचं.

मग यादी लागली. कार्यालयाच्या भिंतीवर, चाळीस ओळी. सत्ताविसाव्या ओळीखाली जाड रेघ. 'घरी श्वासयंत्र, वय साठच्या पुढे' एकतिसावं. आम्ही पाहणीवाले खाली उभे होतो आणि साहेब पेढा वाटावा तसे हसत होते, सहा हजार दोनशे लोकांनी ठरवलंय म्हणून. मी दोनदा मोजलं. एकतीसच होतं. तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं: यंत्र साठ दिवसांत परत करावं, हरकत असल्यास अर्ज करावा. स्वतःचं घ्यायचं तर आमचा तेवढा आवाका नव्हता. डॉक्टरांना विचारलं, यंत्राविना किती दिवस? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, 'अर्ज करा.'

मी आकडे बघणाऱ्या मॅडमकडे गेलो. हुशार बाई, सरळ बाई, त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. मी दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. स्वतःच्या घरी केलेली पाहणी, निरोगी लिहिलेली बहीण, सगळं.

'तिचं उत्तर काढून टाका,' मी म्हटलं. 'ती तसं म्हणाली, पण तिचं म्हणणं तसं नव्हतं.'

त्यांनी रागावायला हवं होतं. त्यांनी मुकाट्यानं माझ्यासमोर तो एक कागद बाद केला आणि पुन्हा गणित लावलं. पडद्यावर यादी हलली नाही.

'एकतीस,' त्या म्हणाल्या. 'सहा हजारात एकानं काय होतं?'

'एक नाही हो. सगळेच म्हातारे तसंच बोलतात. ती बोलायची रीत असते. पुढच्यानं नाही म्हणावं म्हणून बोलतात.'

'सगळे म्हणजे किती? आकडा सांगा. मी आजच्या आज वर पाठवते.'

आकडा कुठून आणू? त्याचा रकाना नव्हता.

'आणि खरंच देऊन टाकायचं म्हणणारेही असतील ना त्यात?' त्या म्हणाल्या. 'माझे वडील तसे होते. त्यांनी खरंच नको म्हटलं. आता मी कुणाचं खरं मानू आणि कुणाचं रीतीचं? तुम्हीच सांगा, परत ओळखीवर जायचं का?'

त्यांनी तो कागद परत जागेवर ठेवला आणि म्हणाल्या, घरच्या पाहणीचं कुणाकडे बोलू नका, नोकरी जाईल आणि बहिणीला त्याचा काही उपयोग नाही. हात दाखवून अवलक्षण करायला मी तयार होतो, पण माझ्या अवलक्षणालाही किंमत नव्हती.

राहिला अर्ज. अर्जाच्या सुनावणीत रुग्णाला स्वतः पाच मिनिटं बोलायला मिळतं. आठ दिवस आधीपासून मी ताईची तालीम घ्यायला लागलो.

'म्हण, मला यंत्र हवंय.'

'असं कसं म्हणू? तुम्हाला शक्य असेल तर, म्हणते.'

'शक्य असेल तर नाही! हवंय.'

'लोक काय म्हणतील?'

'लोकांनी काय म्हणायचं ते म्हणून झालंय, ताई!' मी ओरडलो. यंत्र घुरघुरत राहिलं. तिनं कधी माझ्यापाशी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. लहानपणी अर्धं फळ मला देऊन उरलेलं अर्धंही 'मला आवडत नाही' म्हणून द्यायची, आणि मी गाढव, वीस वर्षांचा होईपर्यंत समजत होतो की तिला फळं आवडत नाहीत. आता तिच्या बासष्टाव्या वर्षी मी तिला हावरेपणा शिकवायला बसलो होतो. शिकवता शिकवता एकदा मीच न्हाणीत जाऊन नळ सोडून रडलो.

चौथ्या दिवशी तिनं विचारलं, 'माझ्यामुळे दुसऱ्या कुणाचं जाईल का रे?'

'नाही,' मी म्हटलं. जाणार होतं. रेघेच्या वर एक चढला तर एक उतरणार होता. मला त्या ओळीचं नावही माहीत होतं. लहान मुलांच्या ऐकायच्या यंत्रांची ओळ होती ती. मी सरळ खोटं बोललो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. हे लिहिताना वाटतंय.

सुनावणीच्या दिवशी तिनं इस्त्रीची साडी नेसली. चौघांनी खुर्चीसकट तिला तीन जिने उतरवलं. मांडीवर प्राणवायूचं छोटं नळकांडं, दोन तास पुरेल इतकं. खोली बारकी होती, लांब टेबल, पलीकडे तिघं. अध्यक्ष म्हणून एक बाई, एक डॉक्टर, आणि लोकांचे प्रतिनिधी म्हणून एक निवृत्त मास्तर.

ताई बोलली. कागद न बघता.

'मी सव्वीस वर्षं गिरणीत कापूस पिंजला. त्याच कापसानं माझी छाती भरली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मला यंत्र हवंय. मला अजून जगायचंय. घरात बसून असते, तरी मला माझं जगणं आवडतं.' मध्ये श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिघंही थांबले. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही.

मास्तरांनी टेबलावरची फळी पुढे सरकवली. तीच फळी. 'बाई, तुमच्या आजच्या दिवसावर बोट ठेवा बरं.'

तिनं ऐंशीवर ठेवलं.

'वीस कमी का?'

'जिना चढता येत नाही म्हणून,' ताई म्हणाली. 'आणि समोरची मांजर.'

डॉक्टर हसले. मास्तरांनी डोळे पुसले, मी स्वतः बघितलं. मला वाटलं, झालं. जिंकलो. इतकं साधं होतं तर! माणसानं खरं बोलायला हवं होतं, बस. रिवाजाप्रमाणे ताईला बाहेर नेऊन बसवलं आणि निर्णय ऐकायला मला थांबवलं.

अध्यक्ष बाई हळू बोलत होत्या. 'तुमच्या बहिणीनं फार चांगलं सांगितलं. आम्ही नोंद घेतोय. पण नियम असा आहे, की जिवाची किंमत ठरवताना रुग्णाचं स्वतःचं उत्तर धरत नाहीत. प्रत्येक आजारी माणूस आपलीच बाजू ओढणार, म्हणून मुद्दाम निरोगी लोकांनाच विचारलं. तुम्ही पाहणीत होतात, तुम्हाला ठाऊकच असेल.'

'ती निरोगी असताना तिनं पंधरा सांगितले होते,' माझ्या तोंडातून निघून गेलं.

'मग तेच धरलं गेलं असेल,' त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. 'मला एकटीला ठरवायचं असतं तर मी आत्ता सही केली असती. पण मी एकटीनं ठरवू नये म्हणूनच हे सगळं केलंय ना?'

मास्तर खाली बघत होते. मी खूप बोललो त्यानंतर. काय बोललो ते आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं, आणि डॉक्टरांनी मला पाणी दिलं. तिघांपैकी एकानंही मला गप्प बसा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

बाहेर आलो तर ताई बाकावरच्या एका अनोळखी बाईला सांगत होती, 'अजिबात अडखळले नाही हो मी. आयुष्यात पहिल्यांदा बोलले अशी.' गाल लाल झाले होते. मला बघून तिनं त्या बाईचा हात सोडला.

'बरोबर बोलले ना रे? तू म्हणालास तसंच?'

'बरोबर बोललीस.'

'मग?'

मी तिच्या खुर्चीसमोर उकिडवा बसलो. नळकांड्याचा काटा बघितला, पाऊण तास शिल्लक होता. मग सांगितलं.

आधी जे म्हटलं ते धरलं, आता जे म्हटलं ते धरलं नाही, हे ती मनात दोनतीनदा लावून बघत असावी. तिला ते लागेना. मी उठून खुर्ची लिफ्टकडे वळवायला लागलो, तर तिनं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

'मग मी काय म्हणायला हवं होतं?' ती म्हणाली. 'तू सांग ना. ते आत आहेत तोवर जाऊन मी तसं म्हणते.'